नागिणीचा वेढा

नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, असं माझी आजी सांगायची. मला नागीण उठली तेव्हा शेजारच्या काकू लावायला गेरू घेऊन आल्या. माया खरी, पण उपाय तो नव्हे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की तो मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणून पुरळ बहुधा एकाच बाजूला, पट्ट्यासारखं.

आधी दोन दिवस नुसती आग. मग बरगडीखाली पाण्याचे फोड. सदऱ्याचं सुती कापड लागलं तरी जीव कळवळायचा. तीन आठवड्यांत खपल्या गळाल्या. पांढुरका वण आजही आहे, आणि ठणक पुढे कित्येक महिने होती.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूरोधक गोळ्या सुरू केल्या तर त्यांचा गुण जास्त येतो. मी चौथ्या दिवशी गेलो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, दृष्टीला धोका असतो. पन्नाशी उलटलेल्यांसाठी आता लसही आहे. तिच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.