शरीराचा दाह आणि मनाचा विषाद
(धायरी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, वधूवरांचा परिचय होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहोत, तो घरोघरी असूनही सहसा व्यासपीठावर येत नाही. तो विषय म्हणजे दुखण्यातून उठलेल्या माणसाचे औदासीन्य.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी आणि आपली धायरी या भागांत गुलेन-बारी विकाराची साथ आली, हे आपण विसरला नसाल. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित अन्नपाण्यावाटे तो पोटात जातो. आणि क्वचित प्रसंगी त्याच्याशी लढता लढता आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवर उलटते. त्या दिवसांत सर्वांची चिंता हातापायांतील बळाची होती, आणि ती रास्तच होती.

परंतु याच जंतूची आणखी एक हकीकत आहे. १९९८ साली लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अल्प प्रमाणात उंदरांच्या पोटात घातला. उंदीर वरकरणी निरोगी दिसत होते, रक्तात दाहाची ठळक खूणही नव्हती. तरीही ते उघड्या जागी जाण्यास कचरू लागले. पुढे २००५ साली असे दिसले की, पोटातील ही वार्ता व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचते. पोट बिघडले की जीव धास्तावतो, हा आपला जुना अनुभव निराधार नव्हता.

भीती आणि विषाद या दोन गोष्टी वेगळ्या खऱ्या; पण विषादाचीही अशीच एक वाट संशोधकांनी शोधली आहे. आजारी बैल कडबा हुंगून सोडतो, रवंथ थांबवतो, कळपापासून दूर उभा राहतो. शेतकरी त्याला आळशी म्हणत नाही. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली हेच शास्त्राच्या भाषेत मांडले: ही मरगळ म्हणजे ताप टिकवून जंतूशी लढण्यासाठी शरीराने केलेली शक्तीची काटकसर होय.

त्याही आधी, १९६४ साली, नील मिलर यांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. जंतुविष टोचलेले तहानलेले उंदीर पाण्यासाठी दांडी दाबीनासे झाले. पण त्याच उंदरांना फिरत्या पिंपात ठेवले आणि दांडी दाबली की पिंप थांबेल अशी सोय केली, तेव्हा ते विश्रांतीसाठी ती अधिकच दाबू लागले. म्हणजे इच्छाशक्ती मेली नव्हती. शरीराने तिचा अग्रक्रम बदलला होता.

मग ताप उतरल्यावर काय होते? २००९ साली ओकॉनर, दान्तझेर आदी संशोधकांनी दाखविले की, जंतुविष टोचल्यावर चोवीस तासांनी उंदीर पुन्हा हिंडू लागतात, मात्र संकटातून सुटण्याची धडपड लवकर सोडून देतात. दाहामुळे शरीरातील एक विकर जागे होते आणि ट्रिप्टोफॅन हे द्रव्य दुसऱ्याच मार्गाला लावते. ते विकर रोखले असता ही हताशा आली नाही. शरीर सावरले तरी मन मागे राहू शकते, असा याचा आशय.

माणसांतही याचा पडताळा आला आहे. त्वचेच्या एका कर्करोगावर इंटरफेरॉन दिलेल्या चाळीस रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या या औषधाने ४५ टक्के रुग्णांना तीव्र विषादाने ग्रासले. ज्यांना आधीपासून विषादावरील औषध दिले होते, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्केच राहिले.

तथापि येथे सावधगिरी हवी. उंदीर आपले दुःख सांगू शकत नाही. त्याच्या हालचालींवरून आपण ते अनुमानतो. शिवाय प्रत्येक विषाद दाहातून येत नाही. २०१३ साली साठ रुग्णांवर एका दाहशामक औषधाचा प्रयोग झाला, तेव्हा एकंदरीत विशेष लाभ दिसला नाही. ज्यांच्या रक्तात दाहाची खूण अधिक होती, त्यांच्यातच सुधारणेची चिन्हे आढळली. म्हणून कोणी आपल्याच मनाने सूज उतरविणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत.

मग या ज्ञानाचा आपल्याला उपयोग कोणता? बाळंतपणानंतर वा तापानंतर सून उठत नसेल, तर "नाटक करते" हे शब्द ओठावर येण्यापूर्वी आपण थांबावे. कर्ता मुलगा दुखण्यानंतर कामावर जाण्यास कंटाळत असेल, तर त्याच्या चारित्र्याचा पंचनामा करू नये. मुक्या जनावराला जी सवलत आपण देतो, ती घरच्या माणसाला नाकारू नये. अशी उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर त्यास वैद्याकडे न्यावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर एक दिवसही न दवडता न्यावे. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, एवढी विनंती.