जुन्या पिकअपचा पुढचा पाटा



नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर लागते. या भागात भाताची पोती, विटा, मंडपाचे बांबू आणि वेळ पडली तर लग्नाचे अर्धे वऱ्हाडसुद्धा पिकअप गाडीतूनच जाते. अशी एखादी जुनी गाडी हौसेने दुरुस्त करून घेतली, रंग दिला, की तरुण मालकाच्या मनात एक विचार हमखास येतो : हिचे नाक जरा खाली घ्यावे, म्हणजे ती रुबाबदार दिसेल. आज बोलायचे आहे ते या नाक खाली घेण्याविषयी. मी गणित शिकवणारा माणूस; पाना हातात धरणारा नव्हे. पण या कामात पान्याइतकाच हिशेबही लागतो, म्हणून हे धाडस.

जुनी पिकअप म्हणजे कोणती? जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला 1928 साली कारखाना काढला आणि 1954 पर्यंत तिथे गाड्यांची जुळणी केली. शेवरोलेच्या हलक्या मालगाड्यांना 1959 पर्यंत पुढेही सरळसोट लोखंडी ॲक्सल असे आणि त्याच्यावर पाट्यांची कमान. आपण याच बांधणीची गाडी डोळ्यांपुढे ठेवू.

पाटा काय करतो, हे समजायला बैलगाडी आठवावी. तिला कमान नाही. चाक दगडावर चढले की गाडी चढते आणि हिसका बैलाच्या मानेला बसतो. पाटा असला म्हणजे चाक चढते, पाटा दबतो आणि गाडी जवळजवळ जागच्या जागी राहते. मात्र चाकाला वर यायला मोकळी जागा हवी. ॲक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये ही जागा असते, आणि ती संपते तिथे रबराचा गट्टू बसवलेला असतो. लोक मोजतात गाडीची उंची; मोजायला हवी ती ही जागा.

शिक्षक मित्रांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट धरून टोकाला वजन टांगावे. वजन दुप्पट केले की वाकही दुप्पट होतो. रॉबर्ट हुक याने हा नियम 1678 साली प्रसिद्ध केला. आता तसल्याच दोन पट्ट्या एकीवर एक ठेवा. त्याच वजनाला वाक निम्मा होईल. कमानीत अनेक पाटे असतात ते याचसाठी.

गाडी खाली घेण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कमानीतले दोन पाटे काढून टाकणे. समजा, सात सारख्या जाडीचे पाटे आहेत आणि गाडीच्या वजनाने कमान दहा सेंटिमीटर दबते. पाच ठेवले तर ती चौदा दबेल. नाक चार सेंटिमीटर खाली आले, काम फत्ते! आता गट्टूकडे बघा. आधी आठ सेंटिमीटर जागा होती, ती चारच उरली. इथपर्यंत सगळ्यांना कळते. पुढचे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. कमान मऊ झाल्यामुळे ज्या खड्ड्यात ती पूर्वी सहा सेंटिमीटर दबली असती, त्याच खड्ड्यात आता सुमारे सात दबू पाहते. गरज सहाची होती तेव्हा जागा आठ होती. गरज सात झाली तेव्हा जागा चार! मग ॲक्सल गट्टूवर आदळतो आणि तडाखा चॅसीला बसतो. शिवाय उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण चाळीस टक्क्यांनी वाढतो, तो वेगळाच. यातली लबाडी अशी की, चांगल्या रस्त्यावर ही गाडी आधीपेक्षा मऊ चालते. मालक खूश होतो. पावसाळा येईपर्यंत.

दुसरा उपाय गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून बसवण्याचा. तो करूच नये. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेले असते, ते ज्योतीने उतरते. पाटा पुढे बसतच जातो, नाही तर तुटतो.

मुख्य पाट्याच्या टोकाला बुश बसण्यासाठी जी गोल वळी असते, ती वरच्या अंगाऐवजी खालच्या अंगाला वळवून घेतली, तर गाडी साधारण वळीच्या व्यासाइतकी खाली येते. कमानीचा कडकपणा तसाच राहतो; गट्टूपाशी जागा मात्र जाते. मधोमध अधिक खोल वाकवलेला ॲक्सल घातला तर तीही जात नाही. पण ॲक्सलचे पोट जमिनीकडे येते, आणि आपल्याकडे वाडीच्या वाटेवर दगड काय कमी आहेत!

नाक खाली गेले की आणखी दोन गोष्टी बदलतात. ज्या खुंटीभोवती पुढचे चाक वळते, ती किंगपिन किंचित मागे कललेली असते. त्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. दोन चाकांमधले अंतर सुमारे 2.9 मीटर धरले, तर चार सेंटिमीटरने हा कल पाऊण अंशाहून थोडा अधिक कमी होतो आणि गाडी भरकटू लागते. जाणता मिस्त्री ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून तो कल परत आणतो. दिव्यांना मात्र पाचर नाही. ते वेगळे लावून घ्यावे लागतात. जो उजेड ऐंशी मीटरवर जमिनीला टेकत होता, तो रिकाम्या गाडीत आता तेहतीसच्या आसपास टेकेल. ताशी साठच्या वेगाने हे अंतर दोन सेकंदांचे. समोर बिनदिव्याची बैलगाडी असली तर दोन सेकंदांत काय काय करायचे?

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तसेच सांगितले. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मग मिस्त्रीकडे जावे.

आणि त्याच्याही आधी एक फुकटचा प्रयोग. गट्टूवर ओल्या शाडूचा दोन बोटे जाडीचा गोळा चिकटवा. गाडीत नेहमीचा माल भरा, नेहमीच्याच वेगाने कळंबला जाऊन या. परत आल्यावर खाली वाकून पाहा. आज, काही न बदलता, गोळा चेपलेला निघाला, तर तुमच्या गाडीपाशी द्यायला चार सेंटिमीटर नाहीतच.