विज्ञानाची वाट आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



दरवर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, आणि पुढे काय करणार असे विचारताच बहुतेकांचे उत्तर डॉक्टर किंवा इंजिनिअर असेच येते. हे दोन्ही व्यवसाय थोर आहेत, यात शंका नाही. परंतु पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय केवळ त्या दारांच्या किल्ल्या म्हणून शिकले गेले, तर दार उघडताच किल्ली बाजूला पडते. या विषयांची गोडी पुढेही टिकावी म्हणून शाळेने काय करावे आणि आपण काय करावे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

पहिली गोष्ट प्रयोगाची. दोऱ्याला लहानसा दगड बांधून एक मीटर लांबीचा लंबक करावा. त्याच्या वीस आंदोलनांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. दगड जड घेतला तरी वेळ तेवढाच! लांबी निम्मी केली की वेळही निम्मा होईल, असे मुलांना वाटते. पण तो होत नाही. लांबी पावपट, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, केली तरच वेळ वीस सेकंदांवर येतो. हा नियम ज्याने स्वतःच्या हातांनी शोधला, त्याला पुस्तकातील सूत्र परके वाटत नाही. या प्रयोगाला खर्च दोऱ्याचा. मात्र शिक्षकापाशी सवड व उत्साह हवा.

मुंबईतील विज्ञान-शिक्षकांनी १९८१ साली सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिक, प्रकल्प व मुलाखत ठेवली, ती याच जाणिवेने. केवळ पाठांतर तेथे पुरे पडत नाही.

दुसरी गोष्ट आधाराची. १९६३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विज्ञान-प्रज्ञाशोध योजना आरंभिली. तिची शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यासच मिळे व डॉक्टरेटपर्यंत चाले. पुढे १९७६ साली ती योजना वैद्यक, इंजिनिअरिंग व सामाजिक शास्त्रे यांनाही खुली झाली. मूळ योजनेतील मर्म मात्र आपण घेण्याजोगे आहे: एक दिवसाचे बक्षीस मुलाला शाबासकी देते, पण अनेक वर्षांचा आधार त्याला वाटेवर टिकवितो.

विज्ञानाचा अभ्यास दीर्घ मुदतीचा आहे. बेताच्या मिळकतीचा पिता मुलाला मध्येच थांबवितो, तो अनास्थेने नव्हे, तर उद्याच्या चिंतेने. आणि मुलीच्या बाबतीत तर आपण अधिकच लवकर थांबतो. म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे, की निधीतील निदान एक शिष्यवृत्ती विज्ञान शाखेच्या पदवीपासून पदव्युत्तर शिक्षण पुरे होईपर्यंत एकाच विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला द्यावी. मातापित्यांनाही एक सांगणे आहे: मूल शाळेतून आले म्हणजे गुण किती मिळाले हे अवश्य विचारा, पण आज कोणता प्रयोग केलास, हे त्याआधी विचारा.