हात चुकतो तेव्हा मेंदू काय करतो?



मागे पेणला आम्ही या विषयावर चार शब्द बोललो, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, चूक ती चूकच. तिच्यात प्रकार कसले?" वेळ संपली होती, म्हणून त्याचे उत्तर आज रोह्यात देत आहोत.

पेणच्या कारखान्यात गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहा. मूर्तिपूजा आपण मानत नाही. पण त्या हाताच्या कसबाला मान दिलाच पाहिजे. नवा कुंचला हाती आला की पहिली रेघ जरा जाड उठते. मूर्ती जागेवरच असते, चुकतो तो हात. आता कबड्डीचे मैदान घ्या. ते तर आपल्या रायगडच्या मुलांना सांगायला नको. चढाई करणारा कोपऱ्यातल्या गड्याला शिवायला हात टाकतो आणि तो गडी ऐन वेळी मागे सरतो. इथे हात बरोबर गेला होता, लक्ष्यच हलले.

दोन्ही वेळी आपण हात मध्येच वळवून सावरायला बघतो. वरवर फरक दिसत नाही. परंतु २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांना यंत्राची दांडी धरून लक्ष्याकडे हात न्यायला लावला आणि त्याच वेळी मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. हाताच्या चुकीनंतर पुढची खेप आपोआप सुधारलेली निघे. लक्ष्य हलल्यामुळे झालेल्या चुकीनंतर तसे होत नसे. आणि ते योग्यच आहे. गडी निसटला म्हणून स्वतःच्या हाताचे माप बदलले, तर पुढच्या चढाईत फजितीच व्हायची! लहान मेंदू दोन्ही चुकांच्या वेळी जागा होता. मात्र लक्ष्य हलले तेव्हाच स्ट्रायटम नावाचा, मेंदूच्या खोल भागातला पुंजका अधिक कामाला लागला. म्हणजे हात दुरुस्त करायचा की बेत बदलायचा, याची वाटणी आत होत असते.

हाताची दुरुस्ती आपल्याला न विचारता होते. प्रकाश एका बाजूला वळवणाऱ्या काचांचा चष्मा लावून खडा फेकला, तर तो नेमाच्या बाजूला पडतो. काही वेळा फेकल्यावर नेम बसतो. चष्मा काढला की खडा उलट बाजूला जातो! हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने असे प्रयोग १८६० च्या दशकातच केले होते. पुढे असे दिसले की, लहान मेंदूला इजा झालेल्या अनेक रुग्णांना हे साधत नाही. चूक डोळ्यांना दिसते, बुद्धीला कळते, पण हात शिकत नाही.

इथे पाचव्या शीलाची आठवण होते. दारूने तोल जातो, जीभ अडखळते, कारण मद्याचा परिणाम लहान मेंदूवर ठळक होतो. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा हा भाग झिजतो. मग न पिता आलेल्या दिवशीही पाय फाकून चालावे लागते. धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या, महामार्गावर गाडी हाकणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो. लहान मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटला, तरी माणूस असाच झोकांड्या देतो, ओकतो, अडखळत बोलतो. गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ एका रात्री असे दाराशी कोसळले. "आज जास्त झालेली दिसते," असे म्हणून शेजाऱ्यांनी, आणि त्यांत आम्हीही होतो, त्यांना ओट्यावर निजवले. गाडी बोलावली ती उजाडल्यावर. त्यांच्या पत्नीने तेव्हा एकच सांगितले. त्यांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता.