वेगळं मत म्हणजे देशाशी वैर नव्हे

 

आजचा विषय हप्त्याचा नाही की कर्जाच्या अर्जाचाही नाही. आम्ही गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरतो, तिथे ऐकलेला आहे. सीमेवर काही झालं, लढाईच्या बातम्या लागल्या, की वहीतला हिशोब बाजूला राहतो आणि बोलणं तिकडे वळतं. अशाच एका बैठकीत एक ताई म्हणाली, “लढाई थांबायला हवी. कुणाची तरी पोरंच मरतात.” लगेच दुसरीनं विचारलं, “म्हणजे तू कुणाच्या बाजूची?” पहिली गप्प झाली. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही. आणि जिनं विचारलं तिचा मुलगा फौजेत आहे. रात्री तिला झोप लागत नाही. दोघींचीही काळजी खरी. मग चुकलं कुठे?

ते समजायला आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या दोन माणसांची गोष्ट ऐका. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं.

३ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंडनं जर्मनीशी युद्ध पुकारलं. त्याच दिवशी व्हाइसरॉयनं हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. आपल्या लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाला विचारलं नाही. माणसं आपली, पैसा आपला, धान्य आपलं, आणि निर्णय दुसऱ्याचा. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढच्या वर्षी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी निवडलं विनोबा भावे यांना. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला उभं राहून त्यांनी सांगितलं, की या युद्धाला माणसांची आणि पैशाची मदत करू नका. चार दिवसांनी त्यांना अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे काम लपूनछपून नव्हतं. सत्याग्रही कुठे, कधी बोलणार हे आधी सरकारला कळवायचे. मोठा जमाव जमवायचा नाही, एकेकट्यानं उभं राहायचं, दगड उचलायचा नाही आणि जी शिक्षा होईल ती भोगायची. आणि विनोबांना हिटलरचं प्रेम होतं म्हणून ते बोलले का? मुळीच नाही.

आता दुसरा माणूस. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत शत्रूच्या मशीनगननं त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले. यशवंत एकटे धावत गेले आणि ती मशीनगन बंद पाडली. तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, बाजाराला जाताना आपल्यातल्या कितीजणी त्याच्यापुढून जातात.

एकाच जिल्ह्याची दोन लेकरं. एक म्हणाला, या युद्धात जाऊ नका. दुसरा त्याच युद्धात जाऊन मेला. यातला देशावर प्रेम करणारा कोण, असं कुणी विचारलं तर आपण एकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं खोडणार का? त्याच काळात बाबासाहेब आंबेडकरांना हिटलरचा पराभव व्हायला हवा असं वाटत होतं. सुभाषबाबू इंग्रजांशी लढायला आझाद हिंद सेना उभी करत होते, त्यात बायकांची झाशीची राणी पलटण होती. रस्ते चार, पण पोटातली तळमळ एकाच देशाची.

कुणी म्हणेल, तेव्हा राज्य परक्यांचं होतं, आता आपलं आहे. बरोबर आहे. म्हणून तर आपली जबाबदारी वाढते. सरकार आपल्या मतावर बसतं. आपल्या संविधानाच्या कलम १९ नं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, त्याला कायद्याच्या मर्यादाही घातल्या आहेत. कलम ५१ सांगतं की राज्यानं जगात शांतता वाढवण्याचा प्रयत्न करावा. आणि ५१ क मध्ये देशाचं रक्षण करणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. शांतता आणि रक्षण, दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आहेत.

आपल्या गटात काय होतं ते आठवा. एखादं कर्ज देऊ नये असं एखादीला वाटलं तर ती हात वर करून सांगते. तिचा विरोध इतिवृत्तात लिहिला जातो. ठराव बहुमतानं होतो. म्हणून ती बचत भरायचं थांबवत नाही, आणि आपणही तिला गटाची वैरीण म्हणत नाही. उलट पुढे त्या कर्जाचा हप्ता थकला की तिचंच बोलणं आठवतं. देश हा फार मोठा गट आहे, पण रीत हीच.

तर विरोध कसा करावा? आम्हाला तीन गोष्टी कळतात. पहिली, बोलायचं ते निर्णयाबद्दल, जवानाबद्दल नाही. लढाईचा हुकूम जवान देत नाही, तो पाळतो. जिचा मुलगा सीमेवर आहे तिच्यापुढे ‘ही लढाई फुकट आहे’ म्हणताना शब्द जपून वापरा, कारण तिला ‘तुझा मुलगा फुकट गेला’ असं ऐकू येतं. दुसरी, मोबाइलवर आलेलं काहीही पुढे ढकलू नका. सैन्याच्या हालचालीचे व्हिडिओ तर मुळीच नको. तिसरी, जी वेगळं बोलते तिला ‘कुणाच्या बाजूची’ विचारू नका, ‘तुला असं का वाटतं’ विचारा. आणि लढाई हवी म्हणणारीलाही तेच विचारा. तिच्या मनात भीती असते, राग असतो, तोही ऐकून घ्यायला हवा.

देशासाठी हातानं करायचं काम मात्र मतावर अडत नाही. आपल्या गावात कुणी वीरपत्नी असेल, माजी सैनिकाचं घर असेल, तर पेन्शनचे कागद, मुलांची शिष्यवृत्ती यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. एकटीला तिथवर जायला जड जातं, गटातल्या दोघींनी सोबत जावं. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, त्या निधीत गटानं जमेल ते द्यावं. लढाई हवी म्हणणारीनं द्यावं, नको म्हणणारीनंही द्यावं. त्या दिवशी एका चटईवर दोघी बसल्या, तर गावाला त्यातून बरंच कळेल.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. सगळ्यांचं मत एक व्हायला पाहिजे असं नाही. बोलल्यामुळे कुणाची जागा रिकामी होऊ नये, एवढं पाहा.