गैरहजेरीचे शून्य

(धाराशिव येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विद्यापीठाची श्रेणीपद्धती आणि विद्यार्थ्याने पुढील वर्गात जाण्यासाठी राखावयाची पात्रता, हा विषय संयोजकांनी मला दिला तेव्हा मी क्षणभर बिचकलो. मी शिक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आहे आणि उभे आयुष्य बातमीदारीत गेले आहे. शिवाय पदवीच्या पहिल्या वर्षी माझा इंग्रजीचा विषय राहिला होता. ती गुणपत्रिका मी वडिलांपासून आठ दिवस लपवून ठेवली होती. तेव्हा आज मी तज्ज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर या वाटेवर ठेच लागलेल्या माणसाच्या नात्याने बोलणार आहे.

गेल्या पावसाळ्यात भूम तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. नवरा-बायको दोघेही ऊसतोडीला जाणारे. मुलगी घराण्यातली महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिलीच. हातात गुणपत्रिका. दुसऱ्या सत्रातील दोन विषयांपुढे गैरहजर असा शेरा आणि खाली अनुत्तीर्ण असा निकाल. वडिलांनी मला विचारले, "साहेब, लेकरू त्या पेपरला बसलंच नाही. मग ते नापास कसं झालं?"

मित्रहो, या प्रश्नात आजच्या विषयाचे सारे मर्म आहे. आपल्या लोकभाषेत नापास होणे म्हणजे परीक्षेत कमी पडणे. विद्यापीठाच्या भाषेत मात्र न येणे आणि न जमणे या दोहोंचे मोल एकच आहे, आणि ते शून्य आहे. या दोन भाषांमध्ये जी दरी आहे, तिच्यात आपल्या जिल्ह्यातील किती मुले पडत असतील याचा आपण कधी विचार केला आहे काय?

गणित समजून घेऊ या

आपल्या पिढीला वर्ग ठाऊक होते. साठ टक्क्यांना प्रथम वर्ग, त्याखाली द्वितीय वर्ग, आणि कसाबसा निभावला तर पास क्लास. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली श्रेयांकाधिष्ठित निवड पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि त्यांत दहा गुणांची श्रेणीरचना सुचविली. सर्वोच्च 'ओ' श्रेणीला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५ आणि केवळ उत्तीर्णाला ४. अनुत्तीर्णाला शून्य आणि गैरहजरालाही शून्य.

प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात. ढोबळ मानाने, पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक. विषयाचे श्रेयांक आणि मिळालेल्या श्रेणीचा अंक यांचा गुणाकार करायचा, सर्व विषयांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. जे येते ती त्या सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए. सर्व सत्रांची याच रीतीने काढलेली सरासरी म्हणजे सीजीपीए.

त्या मुलीचेच उदाहरण घेऊ. सत्राचे श्रेयांक २२. प्रत्येकी चार श्रेयांकांचे दोन विषय बुडाले, उरले १४. त्या चौदा श्रेयांकांत तिने सरासरी ७ मिळविले होते, म्हणजे गुणाकार झाला ९८. या अठ्ठ्याण्णवाला बावीसाने भागले की उरतात ४.४५. ज्या परीक्षांना ती बसली त्यांत ती चांगली विद्यार्थिनी होती. कागदावर मात्र जेमतेम तरलेली दिसत होती. विषय सुटला की शून्याची जागा नवी श्रेणी घेते हे खरे. पण तो सोडवायचा असतो, त्यासाठी मुदतीत अर्ज भरायचा असतो, शुल्क भरायचे असते, हे तिला सांगितले कोणी?

दुसरे गणित त्याहून महत्त्वाचे आहे. एखादा विद्यार्थी खेड्यातून आला, बावरला, आणि पहिल्या दोन सत्रांत त्याला सरासरी ५ मिळाले. पुढे तो सावरला आणि उरलेल्या चारही सत्रांत त्याने ८ मिळविले. प्रत्येक सत्राचे श्रेयांक सारखे धरले, तर तीन वर्षांची त्याची सरासरी भरते बरोबर ७. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घ्यायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश हवा असेल तर २०२२ च्याच विनियमांनुसार ७५ टक्के किंवा समकक्ष श्रेणी हवी. राखीव, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. ७५ टक्के म्हणजे ढोबळ मानाने ७.५ धरले, तर आपल्या त्या विद्यार्थ्याला शेवटच्या चार सत्रांत ८.७५ मिळवावे लागले असते. पहिल्या वर्षाची बावरलेली परीक्षा त्याचा तिसऱ्या वर्षापर्यंत पाठलाग करते. म्हणून मी पालकांना सांगतो, मुलगा शेवटच्या वर्षाला गेला की लक्ष घालू असे म्हणू नका. लक्ष घालायचे ते पहिल्या सत्रात.

दार बाहेर जाण्याचे आणि परत येण्याचे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना ते २०२४-२५ पासून लागू झाले. मी या धोरणाचा स्वागतकर्ता आहे. पूर्वी दोन वर्षे शिकून घरी बसलेल्या मुलाच्या हाती काहीच राहत नसे. आता पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक आणि चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांच्या ८० श्रेयांकांवर त्याच रीतीने पदविका मिळते. श्रेयांक पेढीत त्याचे श्रेयांक जमा राहतात. तीन वर्षांच्या आत तो परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो.

परंतु धोरणाचा स्वागतकर्ता असलो म्हणून डोळे मिटून घेणे माझ्या व्यवसायात बसत नाही. हे बाहेर पडण्याचे दार पुण्या-मुंबईच्या मुलासाठी एक सोय आहे. आपल्याकडे तेच दार घराच्या उंबऱ्यापाशी उघडते. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयत्याची जोडी अपुरी पडली, की मुलीच्या हाती कोयता येतो, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम येते. आता सत्रांचे वेळापत्रक पाहा. पहिल्या सत्राची परीक्षा हंगामाच्या प्रारंभी येते आणि दुसऱ्या सत्राचा मोठा भाग हंगामातच जातो. कारखान्याची दिनदर्शिका आणि विद्यापीठाची दिनदर्शिका यांची कधी गाठ घालून दिलेलीच नाही. परिणामी जी गैरहजेरी पडते तिला आळस म्हणता येईल काय?

त्या मुलीचे दुसऱ्या सत्राअखेर श्रेयांक होते ३६. चाळिसाला चार कमी. म्हणजे पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन सन्मानाने बाहेर पडायलाही ती पात्र नव्हती. आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती. अशी मुलगी तीन वर्षांत परत येईल असे नियम सांगतो. गाव काय सांगते हे आपण सारे जाणतो.

दयेचा सोपा मार्ग

यावर काही जण म्हणतात, मग नियम सैल करा, गुण वाढवून द्या, सर्वांना पुढे ढकला. मित्रहो, मी याच्या विरोधात आहे, आणि तो विरोध स्पष्ट शब्दांत नोंदवू इच्छितो. २०२० साली कोरोनाच्या काळात राज्य शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करण्याचा निर्णय घेतला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की परीक्षा पुढे ढकलण्याची परवानगी आयोगाकडे मागता येईल. परंतु परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही. माझ्या मते तो निकाल गरीब विद्यार्थ्याच्या बाजूचा होता. श्रीमंताच्या मुलाला पदवीवाचूनही ओळखी असतात, धंदा असतो. गरिबाच्या मुलाजवळ त्या कागदावाचून काही नसते. तो कागदच खोटा ठरला, तर लुटला जातो तोच.

अंतर्गत गुणांची गोष्टही अशीच आहे. वर्गातील सर्वांना सरसकट चांगले गुण वाटणारा प्राध्यापक लोकप्रिय होतो. पण रात्री दिव्याखाली प्रकल्प लिहिणाऱ्या मुलाचे श्रम तो पुसून टाकतो. परीक्षेतील कॉपीविषयी तर मी या सभागृहात अधिक बोलण्याची आवश्यकता नाही. एटीकेटी ही सवलत चांगली आहे, कारण एका विषयापायी वर्ष वाया जाऊ नये हा तिच्यामागचा हेतू आहे. परंतु विषय साठवीत जाणारा विद्यार्थी शेवटच्या सत्रात त्या साठ्याखालीच दबतो. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षाला जाता येते, हे विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमागणिक बदलते. मित्राने सांगितलेल्या नियमावर विसंबू नका. त्या वर्षीचे परिपत्रक स्वतः वाचा.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत चारपैकी दोनच्या खाली सरासरी गेली, की विद्यार्थ्याला आधी लेखी इशारा मिळतो आणि पुढेही सुधारणा झाली नाही तर नाव कमी होते. शासकीय अर्थसाहाय्य टिकविण्यासाठीही समाधानकारक प्रगती दाखवावी लागते. नियम कडक आहे. परंतु इशाऱ्याबरोबर त्याला सल्लागाराकडे पाठविले जाते आणि पुढील सत्राची आखणी त्याच्यासोबत केली जाते. नियमाला माणसाची जोड दिली की तोच नियम सावरणारा ठरतो. आपण नियम घेतले. माणूस घ्यायचे विसरलो.

आपल्या मातीतील उत्तर

यासाठी अमेरिकेकडेच पाहायला हवे असे नाही. याच जिल्ह्यातील हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. निजामी राजवटीत खाजगी शाळा चालविणे हेच धाडस होते. स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले. त्या काळी मराठवाड्यातील मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपले विद्यापीठ आपल्याला मिळाले ते मुक्तीनंतर दहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याचे उपकेंद्र या गावात आले २००४ साली. ज्यांनी अशा परिस्थितीत शाळा उभ्या केल्या, त्यांनी विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडून त्याच्याकडून उत्तमाची अपेक्षा केली नाही. शिक्षक विद्यार्थ्यांमध्ये राहत आणि म्हणूनच त्यांच्या शिस्तीला अर्थ होता.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे मी तीन कामे ठेवतो. पहिले, महाविद्यालये सुरू होताच प्रत्येक तालुक्यात एक दिवस नियमवाचनाचा व्हावा. श्रेयांक, एटीकेटी, हजेरी, पुनर्परीक्षेचा अर्ज यांची माहिती मराठीत, पालकांच्या उपस्थितीत द्यावी. दुसरे, शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची कल्पना महाराष्ट्रात रुजली आहे. परीक्षेच्या पंधरवड्यापुरती तीच व्यवस्था महाविद्यालयीन मुलामुलींसाठी आपल्या घरांतून उभी राहावी. एका घरी एक मुलगी, पंधरा दिवस, दोन वेळचे जेवण आणि एक शांत कोपरा. यासाठी अनुदान लागत नाही. तिसरे, पहिल्या पिढीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पदवीधर असावा, जो निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हातात घेऊन विचारील, "कुठे अडले? पुढचा अर्ज केव्हा?"

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. अर्जाच्या मुदतीला तेव्हा चार दिवस उरले होते. तिने अर्ज भरला. परीक्षेच्या वेळी आई-वडील टोळीबरोबर निघून गेले होते. ती एका शिक्षिकेच्या घरी राहिली. एक विषय सुटला, 'ए' श्रेणीत. दुसरा अजून राहिला आहे. लग्नाची बोलणी तूर्त थांबली आहेत. कायमची थांबली आहेत असे मी म्हणू शकत नाही.

त्यांच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अजून शोधतो आहे. लेकरू बसलेच नाही, तर ते नापास कसे? नियमाने झाले, हे मी त्यांना सांगितले. पण ते गैरहजर असताना त्याच्या वतीने हजर राहायला हवे होते असे आपण सारे कोठे होतो, हे मला त्यांना सांगता आले नाही. येत्या परीक्षेपूर्वी ते उत्तर आपण कृतीने द्यावे, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.