नदीकाठचे पाहुणे



फाल्गुन सरत आला, की ज्वारीची काढणी होते. पळस आणि पांगारा फुलतात. याच दिवसांत पाखरांची फार मोठी यात्रा उत्तरेकडे निघते. तिच्याविषयी आज आपण थोडे बोलू.

भोरड्या तुम्हांला ठाऊकच आहेत. ज्वारी भरली, की त्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि आपण गोफण घेऊन माळ्यावर उभे राहतो. पण ही भोरडी अंडी कुठे घालते? इथे नाही. तिचे घरटे दूर मध्य आशियात असते. तिकडे ती टोळ आणि नाकतोडे खाते. म्हणजे इकडे दाणे टिपणारी भोरडी तिकडे पिकाची राखण करते! एप्रिलपर्यंत ती आपल्याकडून निघून जाते.

पाखरे एवढी दूर का जातात? थंडीत उत्तरेकडे तळी गोठतात, किडे मिळत नाहीत. म्हणून ती आपल्याकडे येतात. उन्हाळ्यात तिकडे बर्फ वितळते, दिवस मोठा होतो, किडे मुबलक होतात. पिल्लांना चारा मिळतो. म्हणून ती परत जातात. निघण्यापूर्वी ती खूप खातात. अंगावर चढलेली चरबी हीच त्यांची वाटेची शिदोरी.

ही शिदोरी बांधायला नदी लागते. शहरातली नदीसुद्धा चालते. पुण्याचेच बघा. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र होतात आणि पुढे येरवड्याकडे जातात. तिथल्या नदीकाठाच्या एका भागाला थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांचे नाव दिले आहे. वसंतात पाणी उतरते, चिखलाची बेटे उघडी पडतात. अशा वेळी आम्ही सकाळी लवकर तिथे जातो आणि गुपचूप बसतो.

काय दिसते? शेपटी वरखाली हलवत चालणारा धोबी दिसतो. वजन जेमतेम २० ग्रॅम, पण हिमालयापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जातो. पळीसारख्या पसरट चोचीचे थापट्या बदक दिसते. ते चोचीने पाणी गाळून बारीक जीव खाते. नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडी दिसते. त्यांची घरटी लडाख-तिबेटकडे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पाखरे पुष्कळ दिसली, म्हणजे पाणी चांगले, असे नव्हे. शहराचे सांडपाणी नदीत आले, की चिखलात अळ्या आणि किडे वाढतात. ते खायला लांब पायांचे शेकाटे गर्दी करतात. थापट्यालाही खाद्य मिळते. पण काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एका जागी फडफडतो, मासा हेरतो आणि सूर मारतो. पाणी काळे झाले, तर त्याला मासा दिसणार कसा? मासाच मेला, तर तो खाणार काय? म्हणून किती पाखरे आली एवढेच पाहू नये. कोणती आली आणि कोणती येईनाशी झाली, तेही पाहावे.

सांडपाण्यावर जलपर्णीही माजते. ती पात्र झाकून टाकते. मग बदकांना उतरायला उघडे पाणी उरत नाही.

तुम्ही म्हणाल, शहराच्या नदीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनी धरणात जाते. वाटेवरच्या गावांची शेते आणि गुरे याच पाण्यावर. पाखरांना जे बाधते, ते आज ना उद्या आपल्यालाही बाधते.

मग आपण काय करावे? एक वही करावी. तारीख, जागा, पाखराचे नाव, संख्या आणि ते काय करत होते, एवढे लिहावे. नाव ठाऊक नसेल, तर रंग आणि चोच कशी ते लिहावे. धोबी पहिल्यांदा कधी आला, शेवटचा कधी दिसला, हे दरसाल लिहावे. पाच-सात वर्षांनी वही उघडली, म्हणजे नदी सुधारली की बिघडली, याचा अंदाज येईल. ग्रामसभेत ती वही पुढे ठेवता येईल. तोंडच्या बोलण्यापेक्षा लिहिलेल्याला वजन असते.

आणखी एक. एखाद्या पाखराच्या पायात लहानसे कडे असते. त्यावर क्रमांक असतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (स्थापना १८८३) अशी कडी पुष्कळ पाखरांना घातली आहेत. पाखरू कुठून कुठे गेले, हे त्यावरून कळते. जिवंत पाखराला धरू नका. मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका. क्रमांक तेवढा वाचा आणि जागा व तारीख घालून त्या संस्थेला कळवा.

अक्षर शिकल्याचा असाही उपयोग होतो. तेव्हा यंदाच्या चैत्रात पाहुणे निघण्याआधी नदीवर एक फेरी मारा. वही-पेन्सिल बरोबर असू द्या.